जांभळ्या पायाचं भात

आमच्या घरात कोणाला उपाशी ठेवायची पद्धत नाही. प्लंबर नळ बघायला आला तरी आई त्याच्या हातावर काहीतरी ठेवते. एमएस्सीचा प्रकल्प घरच्या गच्चीत मांडण्याआधी मला हे आठवायला हवं होतं. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि त्या वयात मला सगळं आधीच कळलेलं असायचं.

प्रकल्प असा होता. भाताला युरिया घालतात तो त्यातल्या नत्रासाठी. नत्र मिळालं की पान हिरवंगार होतं, दाणा भरतो. पण सगळे वाण सारखे नसतात. काही थोडक्या नत्रावर भरपूर दाणे देतात, काही नुसतं खाऊन पानं पसरून बसतात, म्हणजे माझ्यासारखे. तर सहा वाण घ्यायचे, प्रत्येकाचे काही डबे बिनखताचे, काही अर्ध्या खताचे, काही पूर्ण खताचे, आणि शेवटी दाण्यांचं वजन करून बघायचं की घातलेल्या नत्राचं कोणी किती चीज केलं. माझं कॉलेज पार्ल्याला होतं आणि तिथल्या आमच्या मॅडम या विषयात मुरलेल्या. पाच वाणांचं बी त्यांनी दिलं. सहावा वाण तुझ्या मनाचा घे, म्हणाल्या.

सहावा माझ्या नाही, बाबांच्या मनाचा होता. गावी, मालवणच्या बाजूला, आमचं थोडं शेत आहे आणि ते बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, बघतात. तिथे कित्येक पिढ्या एक लाल तांदळाचं भात लावतात. त्याच्या रोपाचं बूड जांभळं असतं, म्हणून घरात त्याला जांभळ्या पायाचं म्हणतात. त्या मे महिन्यात काकांनी जाहीर केलं की आता पुरे. हे भात दरवर्षी कापणीच्या तोंडावर आडवं पडतं आणि अर्धं चिखलात जातं. शेजारी पाकिटाचं बी लावतात, भरपूर युरिया घालतात, त्यांचं ताठ उभं राहतं. आपणही तेवढाच युरिया घालतो, तरी आपलं लोळतं. यंदाचं शेवटचं, पुढच्या वर्षी पाकीट आणायचं.

नाहूरला, म्हणजे मुंबईतल्या आमच्या घरी, परत आल्यावर बाबांनी बॅगेतून फडक्याची पुरचुंडी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "ह्यालाही परीक्षेला बसव. नापास झालं तर झालं."

बाबा एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहेत, जगात सगळ्याची परीक्षा घेता येते असं त्यांना वाटतं. पण आवाज नेहमीचा नव्हता. मी तिथल्या तिथे ठरवलं की हे भात पास झालंच पाहिजे. प्रयोग करणाऱ्याने असलं काही ठरवायचं नसतं, हे मला पाठ होतं. तरी ठरवलं.

आमच्या बिल्डिंगचं त्याच उन्हाळ्यात रंगकाम काढलं होतं आणि रंगाचे रिकामे डबे खाली ढिगाने पडले होते. मी बहात्तर डबे घासले. सहा वाण, खताच्या तीन मात्रा, आणि प्रत्येक जोडीचे चार डबे, कारण एका डब्यावर मॅडम विश्वास ठेवत नसत. माती बदलापूरजवळच्या एका शेतातून टेम्पोने आणली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीची तीन कोपऱ्यांची जागा दिली, चौथा कोपरा पापडांसाठी राखीव, त्यावर चर्चा नाही. एकेका कोपऱ्यात प्रत्येक जोडीचा एक, असे अठरा डबे मांडले आणि चौथे अठरा मी पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर चढवले. तिथे जायला लोखंडी उभी शिडी आहे. ती शिडी पुढे माझी अब्रू वाचवणार होती, पण तेव्हा मी तिला रोज शिव्या घालत होते.

लावणी झाली आणि आठवड्याभरात डासांची तपासणी करणारे एक गृहस्थ गच्चीत आले. बहात्तर डब्यांत साचलेलं पाणी बघून त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं आता आपली वाट लागली. भला माणूस पण. त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात गप्पी मासे होते, डासांच्या अळ्या खाणारे. डब्यात सोडा, प्रश्न मिटला, म्हणाले. मी त्यांना तिथे उभं करून व्याख्यान दिलं. माशांची घाण पाण्यात मिसळते, त्यात नत्र असतं, ते भाताला लागू पडतं, भात हिरवंगार होतं आणि माझा प्रयोग बोंबलतो. एक मासा चालणार नाही, एक खवला चालणार नाही. त्यांनी मुकाट्याने पिशवी परत खिशात घातली. आठवड्यातून एक दिवस सगळे डबे कोरडे पाडायचे आणि वरून मच्छरदाणी घालायची यावर तडजोड झाली. जिन्याच्या दारात आई वाळलेले कपडे घेऊन उभी होती आणि सगळं ऐकत होती. किती लक्ष देऊन ऐकत होती ते मला फार उशिरा कळलं.

श्रावण आला. बिनखताचे डबे ठरल्याप्रमाणे पिवळे पडायला लागले आणि मी खूश. माझ्याकडे पानांचा रंग मापायची प्लास्टिकची पट्टी होती, रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डासारखी, फिकट पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत. पान पट्टीवर धरायचं, आकडा लिहायचा. आई बरोबर यायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. सगळ्या वाणांचे बिनखताचे डबे पिवळे होते, पण ती थांबायची ती जांभळ्या पायांशी. डब्यांवर नुसते नंबर होते, कोणता वाण कुठे ते फक्त माझ्या वहीत होतं. मॅडमनी बजावलं होतं की कोणाला कळता कामा नये. आता जिने लग्न झाल्यावर पहिली सात वर्षं गावच्या चिखलात वाकून तेच भात लावलं, तिच्यापासून काय लपणार? त्या वर्षी गणपतीला बाबा एकटेच गावी गेले. डबे सोडून मला जाता येईना आणि मला सोडून आईला. घरात गणपती नाही, गावची माणसं नाहीत. तिच्याजवळ गावचं असं काही होतं तर ते हे जांभळे पाय. मला तेव्हा हे सुचलं नाही, मी आकडे लिहीत होते.

गणपती गेले, बाबा परत आले, आणि पंधरा दिवसांत चमत्कार झाला.

बिनखताचं जांभळ्या पायाचं भात हिरवं व्हायला लागलं. बाकी पाच वाणांचे बिनखताचे डबे तसेच पिवळे, काविळीचे पेशंट. आणि आमचं? पट्टीवर धरलं तर अर्ध्या खताच्या बरोबरीला. मी पट्टी पुसली, पुन्हा धरली. चष्मा काढून धरला. चष्मा घालून धरला. मग मी गच्चीत नाचले. खरोखर नाचले, मच्छरदाणीत पाय अडकून पापडांच्या कोपऱ्यात पडले, दोन पापड मोडले आणि पडल्या पडल्या हसत राहिले. शून्य खतावर हिरवं राहणारं भात, आणि ते आमच्या घरचं, यार. त्याला कोणाचं नाव द्यायचं, कुठल्या परिषदेत काय नेसायचं, इथपर्यंत मी अर्ध्या तासात पोचले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी म्हणतात, पण त्या दिवशी लांडगासुद्धा माझ्यापुढे धापा टाकत असता.

शाळेच्या ऑफिसात फोन करून मी बाबांना सांगितलं. बाबांनी संध्याकाळी काकांना सांगितलं, मालवणीत, उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून. ह्या भाताला खत लागतच नाही, पोरीने सिद्ध केलंय. काका आधी हसले, मग म्हणाले की कॉलेजात तपासलंय म्हणता तर ठीक आहे. पाकीट नको. पुढच्या वर्षी सगळ्या शेतात हेच लावतो आणि युरियाची गोण आणतच नाही. फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ नुसतेच घरात इकडून तिकडे फिरत होते. मग त्यांनी मला पन्नाशीच्या माणसाला शोभेल अशी हळूच एक टाळी दिली.

आता दोन गोष्टी सांगते, ज्या कुठल्याही शहाण्या मुलीला खटकल्या असत्या. एक म्हणजे वास. बुध, शुक्र, रविवारी दुपारी गच्चीत वास यायचा. पण आमच्याकडे वाऱ्याने तोंड फिरवलं की कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो, त्यात नवल काय. मी वहीत रीतसर लिहिलं होतं, वारा कांजूरकडून. दुसरी म्हणजे टाकीवरचा डबा. जांभळ्या पायांच्या चार बिनखताच्या डब्यांपैकी तीन हिरवे होते आणि टाकीवरचा चौथा पिवळा, किडकिडीत. मी ठरवलं की टाकीवर ऊन जास्त लागतं, हा डबा बिघडलेला, हिशोबातून काढून टाकावा.

आलेख घेऊन मी मॅडमकडे गेले. मॅडम खूश झाल्या नाहीत. त्यांनी वर उडी मारलेल्या रेघेवर बोट ठेवलं आणि तारीख वाचून विचारलं, "इथे नेमकं काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही मॅडम, गणपती गेले."

त्या नागपूरकडच्या, त्यांना त्यात काही दिसलं नाही. मला तर नाहीच दिसलं. टाकीवरचा डबा कारण सापडल्याशिवाय काढायचा नाही, एवढं बजावून त्यांनी मला परत पाठवलं.

म्हणून रविवारी दुपारी मी कारण शोधायला टाकीवर चढले. स्लॅबवर पालथी पडून त्या किडकिडीत डब्याची माती चिवडत होते, तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. खाली बघते तर आई. हातात मोठं पातेलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वर मात्र बघितलं नाही. मच्छरदाणी एका हाताने उचलली आणि जांभळ्या पायाच्या पिवळ्या, म्हणजे एके काळी पिवळ्या, डब्यात ओंजळीने ते पाणी घातलं. पाणी गुलबट होतं, मासळी धुतल्याचं. मांदेली होती त्या दिवशी. एक डबा झाला, दुसरा, तिसरा, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. घालताना ती त्यांच्याशी बोलत होती.

"खा गो बाय," ती म्हणाली. "पोटभर खा."

श्रावणात आणि गणपतीत आमच्या घरात मासळी शिजत नाही. गणपती गेल्यावर शिजते. सगळा आलेख माझ्या डोळ्यांसमोर एका झटक्यात उलगडला आणि मी टाकीवरून किंचाळले. आईच्या हातून पातेलं पडलं.

मग आमचं जे भांडण झालं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, असं सेक्रेटरी नंतर म्हणाले. मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझं वर्ष बुडवलंस, बाबांचं नाक कापलंस, मॅडमना कुठल्या तोंडाने सांगू. तिने पदर खोचला.

"खत घालू नको म्हणालंस तू," ती म्हणाली. "मी खत खंय घातलंय? पाणी घातलंय. आणि माशाच्या पाण्यान भात हिरवा होता, ह्या त्या डासवाल्याक कोणी सांगितलान?"

माझंच व्याख्यान, शब्दन् शब्द. तिने पुढे विचारलं की पाहुण्यांच्या पोरांचं मला माहीत नाही, पण घरचं पोर डोळ्यांदेखत सुकत असताना रोज त्याच्यासमोरून मांदेलीचं पाणी मोरीत ओतायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? आणि मग तिचे डोळे भरले, मग माझे भरले, आणि रडता रडता मला त्या गप्पी माशांच्या पिशवीची आठवण झाली. इवल्याशा माशांची घाण चालणार नाही म्हणणारी मी, आणि खाली घरातून पातेल्याने मासळीचं पाणी वर येत होतं. मी हसायला लागले तर थांबेचना. आई आधी रागावली, मग तीही हसली. आम्ही दोघी त्या वासात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

हसू ओसरल्यावर मात्र मला काका आठवले. काका पुढच्या वर्षी सगळ्या शेतात बिनखताचं लावणार होते. खरं बिनखताचं जांभळ्या पायाचं भात कसं दिसतं, ते टाकीवर उभं होतं. आईचे गुडघे ती शिडी चढत नाहीत, म्हणून तेवढा एक डबा खरा राहिला होता आणि तोच मी फेकायला निघाले होते. काकांनी तसं लावलं असतं तर ओंबीला चार दाणे लागले असते, आणि मग त्या भाताचं नाव घराण्यात कोणी काढलं नसतं.

बाबांना सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ते जेवत होते. ऐकून त्यांनी घास खाली ठेवला, आईकडे बघितलं, ताटातल्या मांदेलीकडे बघितलं. मला वाटलं चिडतील. ते हात धुऊन उठले आणि त्यांनी गावी फोन लावला. या वेळी बसून बोलले. आमची चूक झाली, खत लागतं, किती लागतं ते अजून माहीत नाही. पलीकडून काका काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण फोन लवकर संपला. पाकीटच आणतो म्हणाला, बाबांनी सांगितलं. तोही बरोबरच आहे म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आईने त्या दिवशी भांडी आवाज न करता घासली.

मॅडमनी माझी सगळी कर्मकहाणी तोंडावर हात धरून ऐकली. शेवटी त्या टेबलावर डोकं टेकून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या की जे झालं ते जसंच्या तसं लिही. ते तीन डबे बाद. बिनखताचा तुझ्याकडे एकच डबा उरला, तर त्याच्यावर मोठा दावा करायचा नाही. पण अर्ध्या आणि पूर्ण खताचे डबे शाबूत आहेत ना, मग रडतेस कशाला, त्यांचं काय होतं ते बघ.

ते बघायला फार थांबावं लागलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीच्या पावसाने एका संध्याकाळी नाहूरला जे धोपटलं, त्यात दोन होर्डिंगचे कागद आमच्या गच्चीत येऊन पडले. सकाळी मी आणि बाबा वर गेलो. पूर्ण खताचे जांभळ्या पायाचे डबे चारच्या चार आडवे. टाकीवरचासुद्धा. आईने पाजलेले तीनही कलंडलेले. आणि अर्ध्या खताचे चार? उभे. एक जरासा वाकलेला, पण उभा, ओंब्या खाली झुकलेल्या, दाण्यांनी जड. मॅडमनी दिलेल्या पाकिटाच्या वाणांना पूर्ण खत पचलं होतं, त्यांची काठी बुटकी आणि जाड असते. आमचं उंच आणि शेलाटं. त्याला जास्त भरवलं की ते आणखी उंच होतं आणि पहिल्या वाऱ्याला लोळतं.

बाबा त्या आडव्या डब्यांसमोर उकिडवे बसले. जांभळं बूड त्यांनी बोटाने चाचपलं.

"म्हणजे गावी पण हेच," ते म्हणाले. "दादा त्याला शेजाऱ्याएवढं भरवतो."

कापणी झाली, दाणे कॉलेजच्या काट्यावर गेले. अर्ध्या खताच्या डब्यांनी पूर्ण खताच्या डब्यांपेक्षा जास्त दाणा दिला होता. घातलेल्या नत्राचं चीज करण्यात सहा वाणांत जांभळ्या पायाचं अर्ध्या मात्रेवर पहिलं आलं. मी पुन्हा नाचले, पण या वेळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आणि आधी तीन वेळा वजन करून. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या अहवालातलं ते मासळीचं पान उघडलं आणि पाणी नेमकं कोणी घातलं ते विचारलं. मी सांगितलं, आईने. त्यांनी मान डोलावली, त्यांच्या घरीही कढीपत्त्याला तेच घालतात म्हणाले, आणि मी पास झाले.

काका मात्र सहज पास करणारे नव्हते. एकदा फोनवर फसलो, आता फोनवर ऐकणार नाही, असा त्यांचा निरोप आला. मग बाबांनी माझा आलेख प्लास्टिकमध्ये घालून घेतला, आडव्या आणि उभ्या डब्यांचे फोटो काढून घेतले, आणि मे महिन्यात गावी जाऊन भावासमोर मांडले. काकांनी फोटो बराच वेळ बघितले, म्हणे. तो आडवा डबा त्यांच्या ओळखीचा होता. विहिरीजवळच्या एका तुकड्यात जांभळ्या पायाचं, अर्ध्या युरियावर. बाकी सगळीकडे पाकीट. पडलं तर कायमचं बंद. एवढं कबूल करून बाबा परत आले.

तो पावसाळा आमच्या घरात कसा गेला ते विचारू नका. बाबा रोज फोनवर सिंधुदुर्गाचं हवामान बघत. ऑक्टोबरात तिकडे दोन दिवस वादळी पाऊस झाल्याची बातमी आली आणि गावचा फोन लागेना. बाबा शाळेत गेले नाहीत. तो बुधवार होता. दुपारी आई मोरीत मांदेली साफ करत होती, बाबा खुर्चीत, मी त्यांच्यासमोर. फोन वाजला तेव्हा बाबांनी तो उचलायच्या आधी सदऱ्याला हात पुसले.

काकांनी पावसाचं सांगितलं, वाडीतल्या माडाचं सांगितलं, वीज नाही ते सांगितलं. शेजाऱ्यांचं पाकिटाचं भात ठीक आहे म्हणाले.

"विहिरीकडचा भात," काका म्हणाले, "उभा आसा."

बाबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. काकांनी पुन्हा म्हटलं. आई ओल्या हातांनी मोरीतून बाहेर आली, म्हणून तिच्यासाठी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं, फोनकडे वाकली, आणि दीरांना विचारलं की आता परीक्षा संपली आहे तर त्याला थोडं मासळीचं पाणी घातलं तर चालेल का.